तलाव एक, खाती पाच: तक्रार नेमकी कुणाकडं करायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलंय. गावाला लागून जुना तलाव आहे. गावातल्या नाल्या त्यात उतरतात, काठावर मोटारी रात्रंदिवस चालतात, वरच्या अंगाला एकानं बुडीतातली जमीन नांगरून सोयाबीन पेरलंय, भरावावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, वेड्या बाभळी माजल्यात आणि मासेमारीचा ठेकेदार म्हणतो तलाव माझा आहे. ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडं बोट दाखवते, जिल्हा परिषद पाटबंधारे खात्याकडं, ते तहसीलकडं. तहसीलमधून अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून परत ग्रामपंचायतीतच येतो. मग जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे उपविभागात अभियंता होतो. निवृत्तीनंतर गावांना तलावांचे कागद काढून द्यायला मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या अर्जाचं मूळ दुखणं त्याच्या मांडणीत आहे. तुम्ही पाचही तक्रारी एका कागदावर लिहिल्यात. प्रत्येक टेबलावरच्या माणसाला त्यातली एकच ओळ आपली दिसते आणि उरलेल्या चार दुसऱ्याच्या. तो अर्ज पुढं ढकलतो आणि आपल्यापुरतं त्याचं खरंही असतं. सरकारी दप्तरात तलावाची अशी एक नोंद नसतेच. जमिनीची नोंद महसूलकडं, भराव आणि सांडव्याची (जास्तीचं पाणी बाहेर सोडणारी वाट) जलसंधारण किंवा जलसंपदाकडं, माशांची मत्स्यव्यवसाय खात्याकडं किंवा पंचायतीकडं. पाण्याचा आणि घाणीचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून तलाव कुणाचा हे विचारण्याआधी तलावातलं नेमकं काय बिघडलंय ते ठरवा. खातं त्यावरून ठरतं.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमच्या तलावाचा आकार, तो कुणी आणि कोणत्या योजनेतून बांधला आणि त्याचं हस्तांतरण झालं का, हे कळल्याशिवाय मी ठाम नाव सांगू शकत नाही. पण ते शोधायचं कसं हे नक्की सांगता येतं.

आकारापासून सुरू करू. तलावाखाली किती हेक्टर भिजावेत असं धरलं होतं, त्या सिंचनक्षमतेवरून खातं ठरतं. पाण्याच्या पसाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. ढोबळ मानानं १०० हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव, गाव तलाव, सिंचन तलाव, कोल्हापुरी बंधारे जिल्हा परिषदेकडं असतात. त्याच्यावर ६०० हेक्टरपर्यंत राज्याचा मृद व जलसंधारण विभाग, म्हणजे तुमच्या पातळीवर जिल्हा जलसंधारण अधिकारी. त्याहून मोठं असेल तर जलसंपदा विभाग आणि आपल्याकडं त्यांचं गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ. जलसंधारणाचा हा विभाग २०१७ मध्ये नव्यानं उभा राहिला. त्याचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला वाल्मीच्या, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात आहे. त्याआधी ही सीमा २५० हेक्टरवर होती. त्यामुळं मधल्या आकाराच्या तलावांच्या बाबतीत बांधलं कुणी आणि आज सांभाळतं कोण, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीतला तलाव असेल तर बहुतेक भार त्या संस्थेवर येतो. जालन्याचा घाणेवाडी जलाशय निजामकाळातला, तो शहराच्या पाणीपुरवठ्याचा. तिथं नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला, पण जलाशय नगरपालिकेचा होता हे स्पष्ट असल्यानं परवानगी कुणाची घ्यायची यावर वर्षं वाया गेली नाहीत.

तुमचा तलाव वर्णनावरून पाझर तलाव वाटतो आणि मराठवाड्यात खरी गुंतागुंत इथंच आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर गावोगाव पाझर तलाव झाले. लोकांच्या हाताला काम देणं तातडीचं होतं. जमिनीचा ताबा तोंडी किंवा साध्या संमतीवर घेतला आणि काम सुरू केलं. भराव एका यंत्रणेनं घातला, सांभाळायला दुसरीकडं द्यायचा होता. पुष्कळ ठिकाणी ते हस्तांतरण कागदावर पुरं झालंच नाही. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, उशिरा झाला किंवा झालाच नाही. निवाडा झाला तरी मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक (गटाचं बदललेलं क्षेत्र दाखवणारा कागद) निघायला हवं आणि त्यावरून फेरफार होऊन सातबारा शासनाच्या नावावर व्हायला हवा. ही साखळी मधेच तुटलेली असते. तलावात पन्नास वर्षं पाणी उभं आहे आणि सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव, असे गट मी स्वतः पाहिलेत.

म्हणून त्या सोयाबीनवाल्याला लगेच अतिक्रमणदार म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्या आजोबाची जमीन बुडाली असेल आणि मोबदला मिळालाच नसेल तर तो पिढ्यांचा अन्याय सोसतोय. त्याला हुसकावण्याआधी त्याचा मोबदला मागायला गावानं त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं. दुसरी शक्यता गाळपेराची. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी बुडीतातली सरकारी जमीन पेरण्यासाठी तात्पुरती दिली जाते. तसा आदेश त्याच्याकडं असेल तर त्या हंगामापुरतं पेरणं कायदेशीर आहे. तिसरी शक्यता म्हणजे खरंखुरं अतिक्रमण. या तिन्हींत फरक करायचा तर कागद लागतात.

कोणते कागद? तलाठ्याकडून चालू सातबारा घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं जुना आधार लागतो तेव्हा १९५४ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणि गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मागा. तलाव त्याहून जुना असेल तर खासऱ्यात त्याची नोंद सापडते आणि मग वाद बराच मिटतो. जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडं तलावाची मालमत्ता नोंदवहीतली नोंद, मूळ अंदाजपत्रक, बुडीत क्षेत्राचा नकाशा आणि हस्तांतरणाचं पत्र मागा. भूसंपादन शाखेकडं निवाडा आणि ताबा पावती. सरळ मागून मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात प्रत्येक कार्यालयाला स्वतंत्र अर्ज करा. ‘तलावाबाबत सर्व माहिती’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. गट क्रमांक आणि कागदाचं नाव लिहा. नोंदच नाही असं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. तलाव कुणाच्याच वहीत नाही याचा तो लेखी पुरावा आहे आणि पुढं जिल्हाधिकाऱ्यांसमोर तोच उपयोगी पडतो.

मोजणीच्या दिवशी गावातले चार जाणते लोक जागेवर हवेत. बुडिताची हद्द ठरते ती सांडव्याच्या माथ्यावरून. सांडव्याच्या भिंतीचा वरचा काठ ज्या उंचीवर आहे तीच पूर्ण संचय पातळी. त्या उंचीची रेषा यंत्रानं तलावाभोवती फिरवली की तलाव भरल्यावर पाणी कुठवर येणार ते दिसतं. मोजणीदार आज पाणी जिथं आहे तिथून मोजायला लागला तर त्याला थांबवा आणि सांडव्याजवळ घेऊन जा. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतं आणि तेव्हा चुकून आत सरकलेली हद्द पुढं दुरुस्त करायला फार त्रास होतो. हद्दीचे दगड रोवले की त्यांचे फोटो आणि पंचनाम्याची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा.

जमिनीची कायदेशीर मालकी मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी तळी, तलाव, नद्या-नाले कुणा खासगी व्यक्तीच्या मालकीचे नाहीत ते राज्य शासनाचे. हक्काचा वाद निघाला तर चौकशी करून निर्णय देण्याचा अधिकार त्याच कलमात जिल्हाधिकाऱ्यांना आहे. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढायचं ते कलम ५० खाली. म्हणजे अतिक्रमणाची तक्रार तहसीलदारांकडं. जिल्हा परिषदेचा अभियंता कितीही भला असला तरी त्याला तो अधिकार नाही.

आता मोटारी. पाझर तलावाचा हेतू पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जावं हा. काठावरून थेट उपसा सुरू झाला की खालच्या अंगाचे शेतकरी आणि गावची पिण्याची विहीर दोन्ही उघड्यावर पडतात. मोठ्या प्रकल्पावर उपशाची परवानगी जलसंपदाचे अधिकारी देतात, महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली त्यांना कारवाईचे अधिकार आहेत. तुमच्यासारख्या लहान तलावावर तशी रोजची यंत्रणा नसते. तिथं जिल्हाधिकाऱ्यांनी पिण्यासाठी पाणी आरक्षित केल्याचा आदेश असला तर कारवाईला जोर येतो. मग महसूल, पंचायत समिती, पोलीस आणि महावितरण यांचं पथक येऊन वीजजोड तोडू शकतं. म्हणून दिवाळीच्या आगेमागे, टंचाई आराखडा तयार होत असताना, ग्रामसभेचा ठराव करून आरक्षणाची मागणी तहसीलदारांमार्फत वर पाठवा. फेब्रुवारीत तळ दिसायला लागल्यावर पाठवलेला ठराव कामाला येत नाही. आणि ग्रामसभेत मोटारवाल्यांनाही बसवा. ते गावचेच आहेत, त्यांचीही पिकं जळत असतात. किती पातळीपर्यंत उपसा चालेल आणि कुठून बंद, हे त्यांच्या तोंडून ठरलं तर पथकाची गरज पडत नाही असं मी पाहिलंय.

नाल्यांचं सांडपाणी ही मात्र सरळ ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ती दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा स्वच्छता आणि पाण्यासाठीच होता. तुमच्या पंचायतीनं तो कुठं खर्चला, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाल्यांच्या तोंडाशी शोषखड्डे, स्थिरीकरण तळं किंवा नाली वळवणं, एवढं लहान गावाला झेपतं. तलावाच्या खाली पाणीपुरवठ्याची विहीर असेल तर तिच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. अहवालात दूषित पाणी आलं की जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभागही आपोआप यात ओढला जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं जायचं ते शहराचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तेव्हा. जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे आणि त्याखाली मंडळ नगरपालिकेला, कारखान्याला निर्देश देऊ शकतं. घरगुती नाल्यांसाठी मंडळाच्या दारात गेलात तर पत्रव्यवहारच वाढेल.

मासेमारीचा ठेका हा माशांपुरता असतो. पाणी, जमीन, भराव यांवर ठेकेदाराला काडीचाही हक्क मिळत नाही. मोठ्या जलाशयांचा ठेका मत्स्यव्यवसाय खातं बहुधा सहकारी संस्थांना देतं. जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तलावाचा ठेका ती ती संस्था देते. करारनामा कुणी केलाय ते पाहा आणि त्यातल्या अटी वाचा. पण ठेकेदाराशी वैर धरू नका. सांडपाण्यानं मासे मेले तर पहिलं नुकसान त्याचं, मोटारींनी पाणी संपलं तरी त्याचंच. तो तुमच्या बाजूनं सही करू शकतो.

भरावाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तक्रारीत लोक तो शेवटी लिहितात. वेड्या बाभळीची मुळं मातीच्या भरावात खोल जातात. झाड वाळलं की मूळ कुजतं आणि त्या जागी पोकळ नळी उरते. पुढच्या पावसाळ्यात पाणी तीच वाट धरतं. भरावाच्या पायथ्याशी थोडा ओलावा किंवा नितळ पाझर असणं समजण्यासारखं आहे. तो पाझर गढूळ झाला तर आतून माती वाहून चाललीय असं समजा. त्या क्षणी अर्ज लिहीत बसू नका. तहसीलदारांना आणि उपअभियंत्याला फोन करा, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फिरवा आणि खालच्या वस्तीला सावध करा. लहान बाभळी गावानं उन्हाळ्यात मुळासकट काढाव्यात. मोठी झाडं मात्र जेसीबी लावून उपटू नका. त्यांच्या खड्ड्यात थराथरानं माती भरून ती धुमसानं ठोकून घट्ट करावी लागते आणि ते काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

तसंच सांडव्याचं. पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर दगड-पोती रचल्याचं अनेक गावांत दिसतं. सांडवा मोठ्या पुराचा हिशेब करून काढलेला असतो. तो अडवला तर पाणी भरावावरून वाहतं आणि मातीचा भराव त्यात टिकत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं किती पाऊस कोसळला आणि शेतं कशी खरवडून गेली, हे धाराशिव-बीडच्या माणसाला सांगायला नको. तुमच्या सांडव्यावर असं काही रचलेलं असेल तर आजच काढा. त्यासाठी कुठल्याही खात्याची वाट पाहायची गरज नाही.

भरावाची दुरुस्ती ज्याच्या नोंदवहीत तलाव आहे त्याच खात्याची. पैसा बहुतेक वेळा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, म्हणून अर्जाबरोबर उपअभियंत्याची पाहणी आणि अंदाजपत्रक असेल तरच तो पुढं सरकतो. गाळ काढायचा विचार असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून रीतसर परवानगी घ्या. गाळ शेतात नेता येतो, वाळू विकता येत नाही. गौण खनिज निघालं की विषय महसूलचा होतो. आणि भरावाच्या आतल्या पायथ्याजवळ खोदू देऊ नका. तिथं बसलेल्या बारीक गाळाच्या थरामुळंच पुष्कळसं पाणी अडलेलं असतं.

तुमच्या मनात आणखी एक प्रश्न येईल म्हणून सांगून ठेवतो. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम इथं लावता येतील का, असं बरेच जण विचारतात. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. त्यामुळं तुमच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नका. जायकवाडीची गोष्ट वेगळी. त्या धरणाचा नाथसागर जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं पाणी जलसंपदाचं, पक्षी आणि अभयारण्य वन खात्याचं, वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं याचा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणासमोर. एवढ्या मोठ्या धरणावरही एकच मालक नाही, मग तुमच्या तलावावर कुठून असणार?

सगळं जुळवून आणायची ताकद असलेलं एकच कार्यालय आहे, जिल्हाधिकाऱ्यांचं. जमीन त्यांच्या अखत्यारीत, पाण्याचं आरक्षण त्यांच्या सहीनं, आपत्ती व्यवस्थापनही त्यांच्याकडं. पण त्यांच्याकडं पहिल्या दिवशी जाऊ नका. आधी अतिक्रमण आणि मोजणीचा अर्ज तहसीलदारांना, भराव-सांडव्याचा जलसंधारणच्या उपअभियंत्याला, सांडपाण्याचा ग्रामपंचायतीला आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, असे वेगवेगळे अर्ज द्या. प्रत्येकावर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. महिना-दीड महिना वाट पाहा. मग त्या पोचा, माहिती अधिकारातली उत्तरं आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात जा आणि एकच मागणी करा: संबंधित सर्व खात्यांची तलावावर संयुक्त पाहणी आणि तिचं इतिवृत्त. सगळे अधिकारी एकाच वेळी भरावावर उभे राहिले की हे माझ्याकडं नाही, असं कुणाला म्हणता येत नाही, कारण ज्याच्याकडं आहे तो शेजारीच उभा असतो. इतिवृत्तात प्रत्येक कामापुढं खात्याचं नाव आणि मुदत लिहून घ्या. पुढचा पाठपुरावा त्या एका कागदावर चालतो.

तुम्ही आता तीन गोष्टी कळवा: तलावाची सिंचनक्षमता (जलसंधारण उपविभागात विचारा), बुडीतातल्या गटांचे सातबारे कुणाच्या नावावर आहेत आणि मासेमारीच्या करारनाम्यावर सही कुणाची आहे. सातबारे शेतकऱ्यांच्याच नावावर निघाले तर अतिक्रमणाचा अर्ज देऊ नका. त्याऐवजी निवाड्याचा आणि मोबदल्याचा अर्ज कसा करायचा, ते मी सविस्तर लिहून देतो.